आंसाचा अकालमृत्यु

गेल्या महिन्यांत ह्या सदरांत गच्चीच्या गळतीविषयीं आणि ती बुजविणाऱ्या कारागिरांच्या अंदाजपत्रकांविषयीं लिहिलें होतें. त्यावर दोन-तीन वाचकांनीं कळविलें कीं, गच्ची वर्षांतून एकदां गळते, पण मोटार बारमाही गळते. तेव्हां गॅरेजच्या कागदाची छाननी कशी करावी हेंहि एकदां लिहावें. योगायोग असा कीं, तीं पत्रें हातीं पडलीं त्याच आठवड्यांत तसला एक कागद माझ्याच खिशांत चार दिवस घडी होऊन पडला होता. तो रोज बाहेर काढावा, वाचावा आणि पुन्हां आंत ठेवावा असा माझा क्रम चालला होता.

कागदावर माझ्या तेरा वर्षांच्या लहान मोटारीचे पुढचे दोन्ही एक्सल ‘गेले’ असल्याचें लिहून खर्च मांडला होता, तो असा: उजवा एक्सल रुपये ७,२००, डावा ६,८००, ऑइल सील दोन मिळून ४८०, गिअर ऑइल ९५०, मजुरी २,८००, आणि ‘इतर’ ३५०. एकूण १८,५८०. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें कर धरला म्हणजे २१,९२४. ‘इतर’ हा शब्द हिशेबांत दिसला कीं माझा हात अजूनहि लाल पेन्सिलीकडे जातो; परंतु त्या दिवशीं ते साडेतीनशें रुपये मला दिसलेच नाहींत, इतका मी एकूण रकमेनें दिपून गेलों होतों.

गॅरेजचा मालक माझा जुना विद्यार्थी. शाळेंत शब्द चालविण्यांत कच्चा, पण वर्गांतील मोडका पंखा, बंद पडलेली घंटा, अडकलेली खिडकी हीं सर्व त्याच्या हातीं द्यावीं आणि आपण निश्चिंत व्हावें, असा मुलगा. मला पाहून तो आजहि खुर्चीवरून उठतो. तो म्हणाला, “सर, वळतांना आवाज येतो ना? दोन्ही एक्सल टाकून घ्या, म्हणजे पुन्हां बघायला नको.” (घरांत ‘टाकणें’ म्हणजे फेकून देणें आणि गॅरेजांत ‘टाकणें’ म्हणजे नवीन बसविणें, ह्या एका धातूच्या दोन अर्थांत बरेंच द्रव्य खर्चीं पडतें.) त्याच्यासमोर मी मान डोलविली, पण घरीं येईपर्यंत मनांत संशय शिरला होता. दोन्ही एक्सल एकाच दिवशीं कसे जातील? माझें अज्ञान ओळखून तर हा मला फसवीत नाहीं? ज्याला आपण हाताला धरून गिरविलें, त्याच्याविषयीं असला विचार मनांत यावा ह्याची मला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून संशय कांहीं गेला नाहीं.

संशय हा अज्ञानाचा मुलगा आहे, असें मी वर्गांत पुष्कळदां सांगितलें असेन. तेव्हां मागणी फेटाळण्याआधीं किंवा मान्य करण्याआधीं, हा एक्सल म्हणजे आहे तरी काय, हें समजून घ्यावयाचें मीं ठरविलें.

शब्द कानाला परका वाटला तरी नात्यानें आपलाच आहे. संस्कृतांतील ‘अक्ष’, ग्रीकमधील ‘ॲक्सोन’, लॅटिनमधील ‘ॲक्सिस’ आणि इंग्रजींतील ‘ॲक्सल’ हीं एकाच कुळांतील भावंडें होत. आपला मराठी ‘आंस’ हाहि त्याच घराण्यांतला. जुगाराच्या फांशालाहि संस्कृतांत ‘अक्ष’च म्हणतात, आणि गॅरेजचा कागद न वाचतां सही करणारा गृहस्थ पहिल्या अक्षासाठीं दुसरा अक्ष टाकीत असतो, असें कोणी म्हटलें तर मी हरकत घेणार नाहीं.

बैलगाडीचा आंस समजावयास सोपा. एक सरळ दांडा, दोन टोकांस दोन चाकें, मध्यें वंगण. अँबेसेडर गाडी, जी १९५८ पासून २०१४ पर्यंत आपल्या देशांत तयार होत होती, तिच्यांतहि कामाची वांटणी स्पष्ट होती. इंजिन पुढें, परंतु गाडी ढकलण्याचें काम मागच्या चाकांकडे. पुढचीं चाकें फक्त दिशा दाखविणारीं. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनीं ओढणारी मोटार मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या दारांत उभी राहूं लागली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या लहान मोटारी बहुतेक ह्याच जातीच्या आहेत. ह्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला इंजिनाची शक्ति पोंचविणारा एक-एक आखूड दांडा असतो. तें चाक डावीकडे-उजवीकडे वळतें, खड्ड्यांत उतरतें, उंचवट्यावर चढतें. तरीहि दांड्यानें फिरावयाचें थांबतां कामा नये. म्हणजेच फिरतां फिरतां त्याला वांकतां आलें पाहिजे. ह्या दांड्यालाच गॅरेजवाले एक्सल म्हणतात.

फिरता दांडा वांकविण्याची युक्ति जुनी आहे. सतराव्या शतकांत रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें वापरलेला सांधा आजहि त्याच्या नांवानें ओळखला जातो. त्यांत एक खोड आहे. दांडा वांकलेला असतां एका टोकाला वेग एकसारखा दिला तरी दुसऱ्या टोकाला तो एकसारखा मिळत नाहीं. एका फेऱ्यांत दोनदां वाढतो आणि दोनदां कमी होतो. कोन ३० अंशांचा असेल तर हा वेग शेंकडा सुमारें १३ नें घटतो आणि शेंकडा सुमारें १५ नें वाढतो. वळणावर चाकाला असे हिसके बसूं लागले तर ती गाडी कोण चालवील? १९२६ च्या सुमारास आल्फ्रेड झेप्पा ह्या फोर्ड कंपनींतील अभियंत्यानें ह्यावर उपाय काढला. एका वाटींत सहा पोलादी गोळ्या, त्यांना फिरावयास खोदलेल्या खांचा, आणि गोळ्यांना जागच्या जागीं धरणारा एक पिंजरा. दांडा कितीहि वांकला तरी ह्या गोळ्या त्या कोनाच्या बरोबर मधल्या पातळींत राहतात, आणि त्यामुळें दोन्ही टोकांचा वेग सारखा राहतो. १९५९ मध्यें इंग्लंडांत ॲलेक इसिगोनिस ह्यांनीं रचलेली ‘मिनी’ मोटार ह्याच जातीच्या सांध्यावर उभी होती. आमच्या गाडीच्या चाकाकडील टोकालाहि तोच सांधा आहे. गिअरपेटीकडील टोकाचा सांधा थोड्या निराळ्या रचनेचा, दांड्याला आंतबाहेर सरकूं देणारा असतो.

आतां ज्या वस्तूभोंवतीं हें सारें प्रकरण फिरतें तिच्याकडे वळतों. सहा गोळ्यांचा तो सांधा ग्रीसांत बुडालेला असतो. ग्रीस बाहेर उडूं नये आणि धूळ-पाणी आंत शिरूं नये, म्हणून त्यावर पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा एक रबरी कोश चढवून दोन्ही कडांस पट्टीनें आवळलेला असतो. गॅरेजच्या भाषेंत त्याला ‘बूट’ म्हणतात. एक्सल पोलादाचा, गोळ्या पोलादाच्या, वाटी पोलादाची. आणि ह्या सर्वांचें आयुष्य मात्र एका रबराच्या तुकड्यावर टांगलेलें. बूट शाबूत असेल तर सांधा गाडीच्या जन्मभर टिकूं शकतो. बुटाच्या घडीला चीर पडली कीं, चाकाच्या गतीनें ग्रीस बाहेर फेंकलें जातें, रस्त्यावरील वाळू आंत जाते आणि गोळ्यांच्या गुळगुळीत खांचांत खड्डे पडूं लागतात. मग पूर्ण वळण घेतांना ‘कट्-कट्-कट्’ असा आवाज सुरू होतो.

हें वाचीत असतां मला एकदम गेल्या चैत्रांतली एक सकाळ आठवली. आमच्या सोसायटींत गाड्या धुणारा मुलगा वर येऊन म्हणाला होता, “काका, उजव्या पुढच्या चाकाच्या आंतल्या बाजूला काळं काहीतरी उडालंय.” मीं खालीं जाऊन पाहिलें, बोट लावलें, चिकट लागलें, आणि उन्हानें रस्त्याचें डांबर वितळून उडालें असेल असें सांगून त्याला रॉकेलच्या फडक्यानें पुसावयास लाविलें. तें डांबर नव्हतें. तें ग्रीस होतें. त्यानंतर आषाढ-श्रावणाचा सबंध पाऊस त्या उघड्या सांध्यांत गेला, आणि दिवाळीनंतर आवाज येऊं लागला. ग्रीस आणि पट्ट्यांसह बुटाची किंमत, मीं आतां चौकशी केली तेव्हां, ६५० रुपये निघाली. चैत्रांत त्या मुलाचें ऐकलें असतें तर ७,२०० चा प्रश्न कदाचित् उद्भवलाच नसता. कागदावरील ज्या रकमेसाठीं मी विद्यार्थ्यावर संशय घेत होतों, तिचा मोठा भाग माझ्याच आळसाचा होता.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत, तिसऱ्या अध्यायांत, अग्निवेश आपल्या गुरूंस, म्हणजे आत्रेयांस, कालमृत्यु आणि अकालमृत्यु ह्यांतील भेद विचारतो. त्याला उत्तर देतांना आत्रेय जो दृष्टान्त घेतात तो रथाच्या अक्षाचा आहे. चांगल्या लांकडाचा, नीट बसविलेला आणि नीट चालविलेला अक्ष झिजत झिजत आपल्या वेळीं संपतो, तोच कालमृत्यु. परंतु तोच अक्ष फाजील ओझ्यानें, ओबडधोबड वाटेनें, चाक मोडल्यानें, ओढणाऱ्याच्या किंवा हांकणाऱ्याच्या दोषानें, खीळ निसटल्यानें किंवा वंगण न मिळाल्यानें मध्येंच संपतो, तो अकालमृत्यु. हा अध्याय मीं तरुणपणीं पाठशाळेंत वाचला होता, आणि शरीराविषयींचा म्हणूनच वाचला होता. त्या यादींतील ‘वंगण’ आणि ‘हांकणाऱ्याचा दोष’ हीं दोन कारणें एका रबरी बुटांत एकत्र नांदतील, ही कल्पना तेव्हां कोठून येणार?

परंतु ह्या दृष्टान्तानें मला एक व्यावहारिक प्रश्न हातीं दिला. दोन्ही एक्सल वयानें गेले असते तर ते बरोबरीनें बदलणें योग्य होतें. ब्रेकचे पॅड जोडीनें बदलतात, कारण एक बाजू जोरानें धरील आणि दुसरी हळू, तर गाडी एकीकडे ओढली जाईल. एक्सलचें तसें नाहीं. उजव्या एक्सलला डाव्याच्या वयाशीं कांहीं देणेंघेणें नाहीं. पुष्कळ गाड्यांत तर दोघांची लांबीहि सारखी नसते, कारण गिअरपेटी गाडीच्या बरोबर मध्यावर नसते. उजवा जर वंगणावांचून मेला असेल, तर डाव्यानें त्याच्याबरोबर सहगमन कां करावें? तेव्हां विचारावयाचें तें एवढेंच कीं, डावा कोणत्या खुणेवरून ‘गेला’ म्हणतां?

हा प्रश्न घेऊन मी आधीं दुसऱ्या एका मोठ्या दुकानांत गेलों, हें कबूल करतों. तेथें थंड हवा होती, चहा मिळाला, आणि गाडीकडे न पाहतांच पडद्यावरून दोन्ही एक्सलचा आंकडा वाचून दाखविण्यांत आला. तो पहिल्याहून बराच मोठा होता. नुसता बूट बदलतां येईल काय, असें विचारलें तेव्हां त्या टायवाल्या गृहस्थांनीं माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं, जणूं मीं जोड्याचा तळवा शिवून मागितला. तेथून मी मुकाट्यानें विद्यार्थ्याकडे परत आलों.

त्याला म्हटलें, “बाबा रे, मला पैसे कमी करून नकोत. मला दाखव.” तो हंसला आणि म्हणाला, “चला सर.”

गॅरेजमागें मोकळें मैदान आहे. स्टिअरिंग डावीकडे अगदीं शेवटपर्यंत वळवून त्यानें गाडी सावकाश गोल फिरविली. उजव्या बाजूनें ‘कट्-कट्’ असा आवाज स्वच्छ ऐकूं आला. मग उजवीकडे शेवटपर्यंत वळवून तसेंच फिरविलें, आवाज नाहीं. वळणांत बाहेरच्या बाजूच्या चाकावर भार अधिक येतो, म्हणून डाव्या वळणाला वाजणारा सांधा बहुधा उजवा असतो, असें त्यानें सांगितलें. पण कान फसवितात, त्यामुळें गाडी वर चढवून पाहिल्यावांचून तो पैज लावीत नाहीं, असेंहि लागलेंच म्हणाला. वेग वाढेल तसा वाढणारा एकसुरी घुंघाट असता तर तो एक्सलचा नव्हे, चाकाच्या बेअरिंगचा. आणि सरळ रस्त्यावर वेग घेतांना गाडी थरथरली असती तर दोष आंतल्या सांध्याचा. आमच्या गाडींत हीं दोन्ही लक्षणें नव्हतीं. वैद्यानें नाडी पाहावी तसा तो हें सर्व पाहत होता, आणि शब्द चालवितांना अडखळणारा तोच हा मुलगा काय, असें मला वाटून गेलें.

मग गाडी वर चढविली. उजव्या बाहेरच्या बुटाला घडीच्या तळाशीं बोटभर चीर. चाकाच्या आंतल्या अंगाला काळ्या ग्रीसाचें कडें. दांडा हातांत धरून पिळला तर सांध्यांत ढिलेपणा लागत होता. डाव्या बुटाला घड्यांतून बारीक भेगा होत्या, पण कोठें उघडलेला नव्हता; बाहेर ग्रीसाचा थेंब नव्हता; दांडा पिळला तर घट्ट. मीं त्याच्याकडे पाहिलें. तो म्हणाला:

“सर, डावा आज वाजत नाही, खरं आहे. पण सहा महिन्यांनी वाजला, तर तुम्हीच म्हणाल, ह्याने तेव्हाच का नाही सांगितलं? दुसरं गिऱ्हाईक असतं तर भांडायला आलं असतं. मजुरीचे पैसे पुन्हा द्यायला कोणी तयार नसतं. म्हणून मी दोन्ही लिहितो.”

ह्या उत्तरासाठीं मी तयार नव्हतों. त्या ६,८०० रुपयांत त्याचा लोभ किती होता तें मला ठाऊक नाहीं; कांहीं असेलहि. परंतु त्यांत त्याची भीतीहि होती, आणि ती आम्हां गिऱ्हाइकांनींच त्याला लाविली होती. जें भांडण पुढें होईल त्याचा विमा तो आज माझ्याच खिशांतून उतरवीत होता. दुरुस्ती स्वस्त हवी, आणि ती चुकली तर जोखीम मात्र कारागिराची, असें आपण धरून चालतों. मग तो ती जोखीम कागदाच्या कोणत्या तरी ओळींत बसवितो. कैकेयीनें दशरथाच्या रथाची खीळ निसटली असतां त्या भोंकांत हात घालून रथ सांवरला, अशी कथा अध्यात्मरामायणांत आहे (वाल्मीकीच्या ग्रंथांत ती त्याला रणांतून दूर नेते एवढेंच आहे). त्या दुरुस्तीचें मोल दशरथानें आधीं ठरविलें नाहीं. दोन वर देऊन मोकळा झाला. आधीं ठरलें असतें तर रामायण झालें नसतें हें खरें, पण दशरथ पुष्कळ दिवस जगला असता.

आम्हीं दोघांनीं मग बांकावर बसून कागद नवा केला. उजवा एक्सल सबंध नवा, ७,२००. तेथें नुसता बूट घालण्यांत अर्थ नव्हता. खड्डे पडलेल्या खांचांवर नवें ग्रीस घातलें तर चार दिवस आवाज दबेल आणि पुन्हां निघेल. ३,६०० चा कमी प्रतीचा एक्सलहि त्यानें दाखविला. दिसावयास दोन्ही सारखेच. पण आंतल्या खांचा कशा घांसल्या आहेत तें बूट चढलेला असतां कोणालाच दिसत नाहीं. जुना एक्सल दुरुस्त करून विकतात त्यालाहि हीच अडचण आहे. गाडी वर्षभरांत विकावयाची असती तर मीं कदाचित् तो घेतला असता.

डावीकडे फक्त बूट, ६५०. येथें माझा एक भ्रम गेला. मला वाटलें होतें कीं, डावा एक्सल वांचला म्हणजे मजुरीहि निम्मी वांचेल. तसें नाहीं. बूट चढविण्यासाठींहि चाक काढावें लागतें, मधला मोठा नट सोडवावा लागतो, खालचा सांधा सुटा करून दांडा गिअरपेटींतून ओढून काढावा लागतो. म्हणजे सबंध एक्सल बदलण्याइतकेंच काम, वर ग्रीसानें हात भरतात तें निराळें. तेव्हां मजुरीचे २,८०० तसेच राहिले. दांडा काढल्यावर गिअर ऑइल बाहेर येतें, म्हणून त्याचे ९५०. आणि सील काढावयास पुन्हां एवढेंच उघडावें लागेल, म्हणून त्यांचे ४८० मीं काटले नाहींत. ‘इतर’ म्हणजे काय, असें विचारल्यावर तो म्हणाला, “सर, ते असंच,” आणि स्वतःच खोडलें.

परंतु कागदावर जें नव्हतें तें मला घालावें लागलें. चाकाच्या मधला नट बसविल्यावर त्याची कड ठोकून दांड्याच्या खांचेंत दाबतात, म्हणजे तो आपोआप सुटूं नये. असा नट एकदां काढला कीं पुन्हां वापरूं नये. पहिल्या अंदाजांत नवे नट नव्हते. दोन नटांचे २२० रुपये मीं आग्रहानें वाढविले. त्यानें मान वर करून माझ्याकडे पाहिलें. बहुधा कागदांत रक्कम वाढविणारें गिऱ्हाईक त्यानें प्रथमच पाहिलें असावें. नवी बेरीज १२,३०० झाली, करासह १४,५१४. पहिल्या आंकड्याहून ७,४१० कमी.

शेवटीं मीं त्याच कागदाच्या तळाशीं लिहिलें: ‘डाव्या सांध्याची जोखीम गाडीमालकाची,’ आणि खालीं सही केली. पूर्वीं प्रगतिपुस्तकावर पालकाची सही आणावयास मी त्याला घरीं पाठवीत असें. आतां त्याच्या कागदावर मी सही करीत होतों. तो म्हणाला, “असं कोणी लिहून देत नाही, सर.” मीं म्हटलें, “म्हणून तर तूं दोन्ही लिहितोस.”

तेरा वर्षांच्या गाडींत इतके पैसे घालावे काय, असें आमच्या मेहुण्यांनीं फोनवर विचारलें. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि मग गाडी तपासून पांच-पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. म्हणजे दोन वर्षांनीं हा प्रश्न पुन्हां उभा राहणार आहे. तो मीं मोजला नाहीं असें नाहीं. परंतु आमच्या सौ.ना गुडघ्याच्या व्यायामासाठीं आठवड्यांतून दोनदां जावें लागतें, रिक्षांत चढतांना त्यांना त्रास होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं आम्ही खंबाटकी घाट चढून वाईस त्याच मेहुण्यांकडे जातों. एक सांधा वाटेंत तुटला तर काय होतें, तें मीं मुद्दाम विचारून घेतलें होतें. इंजिन चालू राहतें, पण शक्ति ज्या बाजूला अडथळा नाहीं तिकडे, म्हणजे तुटक्या बाजूलाच, निघून जाते आणि चांगलें चाकहि ओढीनासें होतें. उतारावर गिअरचा धरावा म्हणून जो आधार असतो तोहि जातो. हातब्रेक मागच्या चाकांना धरतो, तो मात्र उरतो. घाटाच्या मध्यावर, मागें मालमोटारींची रांग असतां, शेजारीं गुडघा धरून बसलेलें माणूस घेऊन मला तें अनुभवावयाचें नव्हतें. मेहुण्यांना हें सर्व सांगत बसलों नाहीं. “तुमच्याकडे यावयाचें आहे म्हणून,” एवढेंच म्हटलें.

काम संध्याकाळीं संपलें. मैदानांत दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलें, आवाज नाहीं. जुना एक्सल मीं मागून घेतला आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून घरीं आणला. गॅलरींत बसून बूट कापला तेव्हां आंत ग्रीस नव्हतेंच. ओल्या वाळूसारखा तपकिरी चिखल होता. तो रॉकेलनें धुतल्यावर गोळ्या मोकळ्या झाल्या, आणि खांचेवरून नख फिरविलें तर ठिकठिकाणीं अडकूं लागलें. सौ. बाहेर आल्या, त्यांनींहि नख फिरवून पाहिलें आणि म्हणाल्या, “अहो, चैत्रांत तुम्हीं डांबर म्हणून पुसून घेतलं, तें हेंच का?”

दुसऱ्या दिवशीं गाड्या धुणाऱ्या मुलाला मीं तो सांधा दाखविला आणि डाव्या चाकाच्या आंतल्या बाजूवर लक्ष ठेवावयास सांगितलें. दर रविवारीं तो बोट फिरवून वर येतो आणि कोरडें बोट दारांतूनच मला दाखवून जातो.